टोपाजीचा आवाज

११ फेब्रुवारी, रविवार

आज गुरांच्या छावणीत सिनेमाचा तंबू लागला! करीमचाचा (पुढं क. चा. लिहीन) दरसाल पाटोद्याच्या बाजाराला टुरिंग टॉकीज आणतात. औंदा दुष्काळानं बाजारच भरेना, म्हणून छावणी चालवणाऱ्या सोसायटीनं त्यांना इकडं बोलावलं. गावोगावची माणसं गुरांपाशी बसून कंटाळलीत, तेवढीच करमणूक. दादा, म्हणजे माझे वडील, छावणीचे कारभारी, त्यांना पसंत न्हवतं. "जनावरांना चारा न्हाई अन् माणसांना शिनेमा!" पण मिटिंगीत बाकी सगळ्यांनी हात वर केले. दादा एकटे पडले. घरी येऊन राग आईवर काढला. घर म्हणजे काय, चार बांबू अन् ताडपत्री.

१२ फेब्रुवारी, सोमवार

हसून हसून पोट दुखतंय. क. चा. कडची हिंदी चित्रं मालकानं परत नेली. उरलंय एकच, इंग्रजी, अमेरिकेतल्या गुराख्याचं. त्यात आवाजाचं यंत्र बिघडलेलं. मग क. चा. पडद्याशेजारी उभे राहून सोसायटीच्या भोंग्यातून गोष्ट सांगतात, निम्मी दखनी, निम्मी मराठी.

चित्र फार स्वस्तात काढलेलं दिसतंय. पाठलाग सुरू झाला की तीच टेकडी, तेच वाळकं झाड. मागून कुणीतरी ओरडलं, "रस्ता चुकला बे, मघाशी हितूनच गेलता की!" एक बदमाश सुरुवातीलाच मेला, तोच मिशा लावून पुन्हा हजर. हिरोनं एवढी हाणामारी केली, टोपी काही पडली न्हाई. आई म्हणाली, "सदरा बघ कसा पांढराफेक. त्यांच्याकडं धुवायला पाणी हाय वाटतं."

हिरोचं खरं नाव कुणाला कळलं न्हाई. छावणीनं ठेवलं: टोपाजी.

१५ फेब्रुवारी, गुरुवार



धुळीनं क. चा. चा घसा पार बसला. आईनं हळदीचं दूध पाठवलं, ते घेऊन मी गेले तर क. चा. खुणेनं म्हणाले, तू बोल. मी? दादांना कळलं तर... वयात आलेल्या पोरीनं चारचौघांत आवाज चढवायचा न्हाई, हा घरचा कायदा. क. चा. नी पडद्यामागची जागा दाखवली. हितं बस, कोण बघतंय.

मागून चित्र उलटं दिसतं, टोपाजी डावखुरा होतो. आधी जीभच उचलेना. लोक शिट्ट्या मारायला लागले. तेवढ्यात टोपाजी घोड्यावरून उतरला, कमरेवर हात ठेवले, अन् माझ्या तोंडून असा जाड आवाज निघाला की मीच दचकले. "कोण हाय रे हितं पाणी अडवणारा?"

शिट्ट्या थांबल्या. मग टाळ्या!

खरं तर चित्रात पाण्याचं काहीच न्हाई. ती माणसं बहुतेक सोन्यासाठी भांडतात. पण छावणीत सोनं कुणाला पाहिजे? मी सोन्याच्या जागी विहीर करून टाकली.

आईला सांगितलं. आधी घाबरली. मग जरा वेळानं, "पण घोड्याच्या टापा न्हाई वाजल्या गं."

१९ फेब्रुवारी, सोमवार

आता आम्ही दोघी पडद्यामागं. आई करवंट्या आपटते, मी बोलते. टोपाजी, बदमाश, म्हातारा दुकानदार, त्याची मुलगी, सगळे मीच. बाहेर सांगायचं, क. चा. नी बीडहून कलाकार आणलाय, तो लई लाजाळू हाय.

अन् दादा! आधी तंबूबाहेर उभे राहायचे, आता सगळ्यांत पुढं बसतात. आज पाण्याच्या टँकरपाशी एकजण रांग मोडून घुसला. दादा कमरेवर हात ठेवून गरजले, "कोण हाय रे हितं पाणी अडवणारा?" अगदी माझ्या चालीवर. मी पदर तोंडात कोंबला.

२४ फेब्रुवारी, शनिवार

बायकांची तक्रार: शेवटी टोपाजी कुणाशी न बोलता घोड्यावर बसून जातो. "का म्हून जातो? भाकर तरी खाऊन जा म्हणावं." क. चा. म्हणाले, अशा सगळ्या चित्रांत हिरो शेवटी निघूनच जातो, रिवाजच हाय. पण आमच्याकडं असं कोण जातं? काल जाता जाता त्याच्या तोंडी घातलं, "तालुक्याला चाललो. चाऱ्याच्या गाड्या घेऊनच येतो!" अशी आरोळी उठली की बैलं बुजली.

आज सकाळी एक म्हातारबाबा दादांना विचारत होते, गाड्या कधी पोचत्यात म्हणून. मला हसूही आलं अन् कसंतरीही झालं.

३ मार्च, शनिवार

सिरसाळ्याहून पाहुणे आले, मला बघायला. मुलगा अन् त्याचे मामा. मुलगा दूध सोसायटीत कामाला, नाव वसंत. बघायचा कार्यक्रम उद्या. आज मुक्काम, अन् दादांनी त्यांना मोठ्या हौसेनं सिनेमाला नेलं. म्हणजे मी माझ्याच पाहुण्यांसमोर... बदमाशाचे दोन डायलॉग विसरले. आईची टाप चुकली.

४ मार्च, रविवार

संपलं सगळं. किंवा न्हाई. कळत न्हाई.

पाहुणे बाजेवर. मी पाटावर, मान खाली. मामा: "नाव काय?" मी बारीक आवाजात: "कुसुम." "शिक्षण?" "मॅट्रिक." मामा दादांना म्हणाले, "पोरगी मऊ दिसती."

तेवढ्यात शेजारच्या दावणीतला खोंड सुटला. शेपटी वर, सरळ मामांच्या बाजेकडं. मामा उठेनात, पाय धोतरात अडकला. मी काय केलं मला कळलंच न्हाई. उभी राहिले, दोन्ही हात पसरले अन् ओरडले, "थांब! एक पाऊल पुढं टाकलंस तर गाठ टोपाजीशी हाय!"

खोंड थांबला. मामा थांबले. अख्खी छावणी थांबली.

मग कुणीतरी म्हणालं, "आयला, टोपाजी हीच की!"

मुलगा हसत सुटला, त्याला आवरेना. मामा मात्र कपडे झटकत उठले. "असला आवाज आमच्या घराला झेपायचा न्हाई." गेले. दादा माझ्याकडं बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

६ मार्च, मंगळवार

दादा परवापासून बोलत न्हाईत. मी तंबूकडं गेले न्हाई. क. चा. बसक्या घशानं बोलत होते ते घरात ऐकू येत होतं. मग ओरडा सुरू झाला, "आमचा टोपाजी कुठाय? टोपाजीला आणा!" बायकांचा आवाज सगळ्यांत मोठा. आई करवंट्या मांडीवर घेऊन बसून राहिली. दादा दारातच उभे, तंबूकडं तोंड करून.

७ मार्च, बुधवार

संध्याकाळी दादा म्हणाले, "चल." कुठं, विचारायची छाती झाली न्हाई. सरळ तंबूत, पडद्यामागं. माईक माझ्या हातात दिला. मला वाटलं निघून जातील. गेले न्हाईत. पोत्यावर बसले, घसा खाकरला.

"टोपाजीचं ठीक हाय. पण त्यो विहीरवाला बदमाश लई पुचाट बोलतो. तसला माणूस मी रोज बघतो सोसायटीत. आण हिकडं, त्याचं मी बोलतो."

अन् बोलले! असे गुरगुरले की पुढच्या बायकांनी पडद्यावर खडे मारले. शेवटी टोपाजीनं बदमाशाला पाया पडायला लावलं, तेव्हा दादा माईकमध्ये म्हणाले, "चुकलं बाई माझं." बाई! टोपाजीला! तंबू हसून आडवा. आई रडत होती अन् टापा वाजवत होती, घोडा उभा होता तरी.

११ मार्च, रविवार

वसंत आला. एकटा, सायकलवर, पार सिरसाळ्याहून. दादांना म्हणाला, मामांचं मामांपाशी, मला एकदा तिला विचारायचंय. आईनं आम्हाला तंबूपाशी दिवसाउजेडी बोलू दिलं, स्वतः हाकेच्या अंतरावर.

मी म्हणलं, "माझा आवाज असाच हाय. लग्नानंतर बारीक व्हायचा न्हाई."

"नगं होऊ दे."

"मग विचारायचं काय होतं?"

तो सायकलची घंटी उगीच पुसत राहिला. "तुमच्या पडद्यामागं मला काही काम मिळंल का?"

आईनं करवंट्या त्याच्या हातात दिल्या. आजच्या खेळाला टापा त्याच्या. काय सांगू! घोडा दौडत येतो तेव्हा हा गप, अन् टोपाजी घोडा बांधून आत भाकर खायला बसला की हा टपटप टपटप. मागून हाका, "अरे घोडा पळाला! कुणीतरी धरा!" टोपाजी बोलायचा सोडून हसत होता, माईक उघडाच. क. चा. म्हणतात, पुढच्या आठवड्यात तंबू नांदूरघाटला, तुमी सगळे चला. दादा "बघू" म्हणाले. दादांचं "बघू" म्हणजे "न्हाई" न्हवं.

वसंत मुक्कामाला क. चा. कडं. जेवताना दादांनी मला विचारलं, पोराला काय कळवायचं?

म्हणलं, अजून एक खेळ वाजवू द्या त्याला.