ओंडोबा जाळल्याची हकीकत

पुइगरोच, कातालोनिया
२७ डिसेंबर

आदरणीय कासिल्दा मावशीस,

तुझी भाची फिदेलिया हिचा वाकून नमस्कार. मी इथे सुखरूप आहे. तुझा गुडघा कसा आहे? तू अजून स्वतःच विहिरीवरून पाणी आणतेस असं मेलितोन काकांनी कळवलं, ते वाचून दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. (तिसऱ्या दिवशी उतरला. खोटं कशाला लिहू.) तिकडे ओरुरोच्या पठारावर आता पाऊस लागला असेल, बटाटे वर आले असतील, लामांना नवी पिल्लं झाली असतील. इथली थंडी मी तुला काय सांगणार? तू या घरात सहा हिवाळे काढलेस. तुझी खोली आता माझी झाली आहे आणि खिडकीच्या फटीत तू कोंबलेले कापडाचे बोळे मी तसेच ठेवले आहेत. सेन्योरा रेमेईंची तब्येत उत्तम आहे. चौऱ्याऐंशी पुरी झाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण जिभेला अजून काही झालेलं नाही. तुझी आठवण त्या रोज काढतात. मुख्यतः माझं काही चुकलं की.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी तीनदा बसले आणि तिन्ही वेळा उठून भांडी घासली. भांडी फार स्वच्छ झाली आहेत. मावशी, तुला ठाऊकच आहे, नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नव्हती. तुझ्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मला घरीच शिकवलं. अक्षरं मागाहून आली, आधी तीन वाक्यं आली. चोरी नको, खोटं नको, आळस नको. माणसं तिन्ही मोडतात ती एकेक करून आणि वर्षानुवर्षं घेऊन. मी पहिली दोन एका दिवसाच्या अंतरानं मोडली, आणि तीही तिसरं पाळण्याच्या नादात.

झालं असं की सहा डिसेंबरला सुट्टी होती. सेन्योरा रेडिओ ऐकत बसल्या होत्या, मला काम नव्हतं, आणि मला काम नसलं की छातीत धडधडतं. म्हणून मी लाकडाची कोठी झाडायला घेतली. इथल्या कामांबद्दल तू लिहून दिलेल्या कागदावर कोठीबद्दल एवढंच होतं की दाराजवळची लाकडं आधी वापरावीत. पण आपल्या पठारावर झाड दिसलं तर माणसं पाहुणा आल्यासारखी बघायला जातात. जन्मभर लामाच्या वाळक्या लेंड्यांवर स्वयंपाक केलेला. एवढं सरळ, निरोगी लाकूड नुसतं पाय शेकायला जाळायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. मी आपली आधी किडकं शोधते, मग वाकडं, मग तुटकं. (सेन्योरा म्हणतात, नवरा शोधतानाही असंच करशील.) तर कोठीच्या मागच्या कोपऱ्यात एका उपड्या खोक्यावर एकच ओंडका बसवलेला दिसला. जुना, हलका, आतून पोकळ, पुढे दोन खुंट्या ठोकलेल्या. मला वाटलं, मोडकं स्टूल. मनात म्हटलं, बिचाऱ्याचं कुणाला काही काम नाही. खुंट्या चांगल्या होत्या, त्या उपटून बाजूला ठेवल्या आणि ओंडका शेगडीत सरकवला.

मावशी, तो काय जळला म्हणून सांगू! धूर नाही, ठिणगी नाही. मांजर शेगडीपासून दोन हात मागे सरकलं. सेन्योरांनी शाल काढून ठेवली आणि विचारलं, "आज ऊब छान आहे ग. कुठलं लाकूड घातलंस?"

मी मोठ्या अभिमानानं म्हणाले, "जुनं होतं सेन्योरा, मागे पडलेलं."

त्या "हं" म्हणाल्या आणि पुन्हा रेडिओ ऐकू लागल्या.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी, उद्या आठ तारीख. संध्याकाळी केराल्त येईल. कोठीतून ओंडोबाला आण, आंघोळ घाल, तोंड रंगव. टोपी आणि पांघरूण माझ्या कपाटात आहे."

मी विचारलं, ओंडोबा कोण? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते तुला पाठच असेल, पण मी ते प्रथमच ऐकत होते आणि एकेका वाक्याला माझा एकेक अवयव गार पडत होता. ओंडोबा म्हणजे नाताळचा ओंडका. आठ तारखेपासून त्याला रोज संध्याकाळी भरवायचं, थंडी वाजू नये म्हणून पांघरूण घालायचं, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी गाणं म्हणत काठीनं बडवायचं, म्हणजे तो पोरांसाठी मिठाई हगतो. (हा शब्द त्यांचाच. चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसणारी बाई, पण हा शब्द उच्चारताना तिचा चेहरा दिव्यासारखा उजळला होता.) आणि त्यांचा ओंडोबा काही असातसा नव्हता. लग्न झालं त्या वर्षी त्यांच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं कोरलेला, एकसष्ट वर्षांचा, आतून पोकळ, म्हणजे मिठाई खरोखर मागून पडते, शेजाऱ्यांसारखी नुसती पांघरुणाखाली लपवावी लागत नाही. आणि पुढे दोन छान पाय.

तेव्हाच सांगून मोकळं व्हायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण डोळ्यांसमोर तिघं उभे राहिले: तो गेलेला नवरा, ती त्यांची सहा वर्षांची नात केराल्त आणि माझी बॅग, दाराबाहेर, बर्फात. तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच, "हो सेन्योरा." मग कोठीत जाऊन अर्धा तास त्या उपड्या खोक्यावर मीच बसून राहिले.

पुढचं थोडक्यात लिहिते, कारण लाज वाटते. दाराजवळच्या ढिगातला एक जाड ओंडका निवडला, खुंट्या त्याला ठोकल्या, कोळशानं डोळे काढले आणि टमाट्याच्या रश्शानं गाल. तोंड जरा आपल्या सरपंचांसारखं झालं, पण पुसायला वेळ नव्हता. लाल टोपी घातली. सेन्योरांनी त्याच्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "यंदा वजन वाढलंय. न खाताच?" मी खोकले.

केराल्त मात्र मोतीबिंदूवाली नाही. सेन्योरांची लेक अस्सुम्प्ता तिला रोज संध्याकाळी शाळेतून थेट इकडे आणते. पोरगी आली ती गुडघ्यांवर बसली आणि ओंडोबाच्या नाकाला नाक लावून म्हणाली, "हा वेगळा दिसतो."

माझा निश्चय झाला होता की यापुढे एकही खोटं वाक्य बोलायचं नाही. म्हणून मी म्हणाले, "मी इथे नवीन आहे. मला त्याचं आधीचं तोंड माहीत नाही." (अक्षरशः खरं.)

"मागच्या वर्षी म्हातारा होता."

"असेल."

"मग आता तरुण कसा झाला?"

"लाकडाचं मला फार कळत नाही, केराल्त. आमच्याकडे झाडंच नाहीत." (हेही खरं. पण खऱ्याचा एवढा गैरवापर आजोबांनी कधी पाहिला नसेल.)

पोरीनं स्वतःच निकाल दिला की सापासारखी यानं साल टाकली असणार. मग रोजचं जेवण सुरू झालं. संत्री, पाव, सुके अंजीर, कधी चीज. ती वाढून जायची, आणि सकाळपर्यंत थाळी रिकामी दिसली पाहिजे, ही जबाबदारी माझी. अन्न टाकायचं नाही हे आपल्याकडचं, लपवायचं म्हणजे पुन्हा फसवणूक, उरलं काय? मी खाल्लं. सतरा दिवस ओंडोबाचा नैवेद्य मी इमानदारीनं खाल्ला. इकडे केराल्त रिबिनीनं रोज त्याचं पोट मोजायची, कारण खाऊन तो फुगतो असं त्यांच्याकडे मानतात, आणि रोज हिरमुसायची. "इतकं खातो, मेल्याच्या अंगी काही लागत नाही!" एकदा तिनं गंमत म्हणून तीच रिबीन माझ्या कमरेला लावली. अस्सुम्प्ता म्हणाली, "असू दे बाळा, घरात कुणाच्या तरी अंगी लागतंय ना!"

पण खरी धास्ती पुढेच होती. नवा ओंडोबा भरीव. त्याच्या मागून काहीही पडणार नव्हतं. मी लाकूडवाल्या सिस्कोला विचारलं की आतून पोकळ करून मिळेल का. तो म्हणाला, "बाई, लाकूड किडलं की लोक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात. किडवून द्या म्हणणारी तू पहिलीच." मग मी कणकेच्या लाटण्याइतकी सुरी घेऊन दोन दुपारी कोरत बसले. अंगठा कापला, ओंडोबाला बेंबीएवढा खड्डा पडला.

चोवीस तारीख उजाडली. संध्याकाळी सहाला सगळ्या जमल्या. मी सकाळपासून उभी होते, बसलं की रडू येत होतं. केराल्तला रिवाजाप्रमाणे काठी ओली करायला स्वयंपाकघरात पाठवलं तेव्हा मी बदामाची मिठाई, चॉकलेटची नाणी, लोकरी हातमोजे आणि भरपूर शेंगदाणे पांघरुणाखाली कोंबले, अगदी आत, जेवढे जातील तेवढे, आणि देवाला म्हटलं, आजच्या दिवस निभाव, उद्या मी स्वतः सांगते. गाणं सुरू झालं. केराल्तनं पहिला फटका घातला. दुसरा घातला. तिसऱ्या फटक्याला मी ठोकलेली डावी खुंटी निखळली.

मावशी, त्या दिवाणखान्याची फरशी दाराकडे उतरती आहे हे तुला माहीत आहे. माझ्या तेव्हा लक्षात आलं. ओंडोबा आधी झुकला, मग कलंडला, आणि टोपी-पांघरुणासकट घरंगळत निघाला. दिवाणखाना ओलांडून ओसरीत, ओसरीतून बोळकांडीत, आणि जाताना पांघरूण उलगडत गेलं तसं मागे शेंगदाणे, नाणी, मिठाई, मोजे, पुन्हा शेंगदाणे, अशी वाटभर रांग. मांजर कपाटावर. मी डोळे मिटून घेतले. शेवटी तो बाहेरच्या दारावर धाडकन आपटला.

मग केराल्त किंचाळली, "आजी! ओंडोबाला जुलाब झाले!"

असा आनंद मी कुठल्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. पोरगी चारही पायांवर बोळकांडीभर वेचत फिरत होती आणि ओरडत होती की वर्गात कुणाचाच ओंडोबा असा पळत पळत हगत नाही. अस्सुम्प्ता भिंतीला टेकून खाली बसली होती, तिला हसताना श्वास घेता येत नव्हता. सेन्योरा काठीवर हनुवटी टेकून म्हणाल्या, "सतरा दिवस संत्री चारल्यावर दुसरं काय होणार?" आणि मी, मावशी, मी हसता हसता रडत होते की रडता रडता हसत होते, ते अजून ठरलेलं नाही.

नाताळच्या दिवशी सांगायचं धाडस झालं नाही. काल मात्र उरलेलं मांस पिठाच्या पोळीत गुंडाळून कानेलोन वळताना, दोन्ही हात पिठानं माखलेले असताना (म्हणजे तोंड झाकता येऊ नये), सगळं एका दमात सांगून टाकलं. कोठी, खुंट्या, शेगडी, टमाट्याचे गाल. आणि म्हणाले, मी बॅग भरून ठेवली आहे.

सेन्योरांनी कानेलोन वळणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "मला मोतीबिंदू आहे, पोरी. अक्कल शाबूत आहे. जुनं लाकूड म्हणालीस ना, तेव्हाच समजले. तशी ऊब फक्त ओंडोबाच देतो."

"मग सात तारखेला मला आणायला का पाठवलंत?"

"कसं निभावतेस ते बघायला. हिवाळ्यात टीव्हीवर काही धड लागत नाही."

मी म्हणाले, पण तो तुमच्या नवऱ्यानं कोरलेला, एकसष्ट वर्षांचा. त्यावर त्या म्हणाल्या की नवऱ्यानं कोरलेला त्यांनी स्वतःच लग्नाच्या दुसऱ्या हिवाळ्यात जाळला होता, तो गावच्या खानावळीत पत्ते खेळत बसला होता म्हणून. मग त्यानं दुसरा केला. तो ओंडका पुरात गेला. "ओंडोबा एकसष्ट वर्षांचाच आहे," त्या म्हणाल्या, "लाकूड किती वर्षांचं, ते विचारू नये. आणि माझ्या आजोळी तर नाताळ झाला की त्याला जाळायचेच, राख शेतात टाकायचे. तुझी फक्त तीन आठवडे घाई झाली. बॅग रिकामी कर, आणि ते मीठ इकडे दे."

बॅग रिकामी केली आहे. येत्या वर्षअखेरीला घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची आहेत; सेन्योरा म्हणतात, तू सतरा दिवस तयारी केली आहेस, तुला जड जाणार नाही. मावशी, घरापासून लांब काढलेला हा माझा पहिला नाताळ, आणि मला घराची आठवण यायला वेळच मिळाला नाही. काकांना नमस्कार, लामांना मीठ.

तुझी आज्ञाधारक,
फिदेलिया

ता. क. हे पत्र काकांना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. निदान पुढचं तरी नको.

ता. क. दुसरा. माझ्या ओंडोबाला दारावर आपटून चीर गेली आहे. पुढच्या नाताळापर्यंत मी नवा, आतून नीट पोकळ केलेला ओंडोबा करून द्यायचा, अशी मला शिक्षा झाली आहे. मी जाळलेला फार सुबक कोरलेला होता असं सेन्योरा म्हणतात. तो कुणी कोरला, कोणत्या हिवाळ्यात, आणि त्याच्या आधीचा कुणाच्या हातून शेगडीत गेला होता, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण "तुझ्या मावशीला यातलं एक अक्षर कळवायचं नाही, तिला वाटतं मला कळलं नाही, म्हातारपणी तिचा विरस नको" असं त्यांनी बजावलं आहे आणि मी शब्द दिला आहे. तेव्हा मी काहीच कळवत नाही. फक्त एक विचारते, मावशी: आतून कोरायला तू काय वापरलंस? स्वयंपाकघरातला तो मोठा लोखंडी डाव एका बाजूनं निम्मा झिजलेला आहे, त्यावरून मला अंदाज आला आहे. पण हात घालण्याआधी खात्री करून घेतलेली बरी.