बायकोचे मंगळवार

४ मार्च, मंगळवार

आजपासून रोज लिहायचं. पाणी कुठेतरी मुरतंय. उद्या कोणी म्हणायला नको की मला पत्ता नव्हता.

बायको आज पुन्हा सहाला बाहेर पडली. मंगळवार आला की हिचं हे सुरू. शिवणक्लास म्हणे. पर्समध्ये सुईसुद्धा नाही, मी बघितली. परत आली तेव्हा डोळे लाल. शिवण शिकून कोणी रडतं का? फार तर बोटाला टोचतं.

मी संशयी नाही. माझा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. कुठल्या काट्यात गुंजभर फरक आहे ते मला दुकानाच्या दारातूनच कळतं. बायकोत फरक पडलाय. याला संशय म्हणत नाहीत, निरीक्षण म्हणतात.

५ मार्च

तिचा फोन पाहिला. सिक्युरिटीसाठी. नवरा-बायकोत लपवाछपवी नको म्हणून तिचा पासवर्ड मीच ठरवून दिलाय. (माझा तिला माहीत नाही. माझ्या फोनमध्ये गिऱ्हाइकांच्या गोष्टी असतात.)

एक नवा नंबर. नाव फक्त ‘ताई’. हिला बहीण एकच, मोठी, आणि तिला ही अक्का म्हणते. मग ही ताई कोण? बाप्या असणार. हल्ली लोक असंच सेव्ह करतात.

शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याशी आडून आडून बोललो. म्हणाला, वहिनींनाच विचारा की. आयुष्यभर चष्मे विकले, पण दृष्टी म्हणून नाही.

९ मार्च, रविवार

रविवार म्हणजे वजन. लग्न झाल्यापासूनचा आमचा नियम. म्हणजे माझा. चहाच्या आधी बायको काट्यावर उभी राहते, मी आकडा मोठ्याने वाचतो. लोक बायकोला वाऱ्यावर सोडतात. मी काळजी घेतो.

आज आणखी उतरलं. मी म्हटलं, शाब्बास, आता हत्तीण म्हणायची सोय राहिली नाही. विनोद होता. ती हसली नाही. मुलगी तेरा वर्षांची, तिनेही मान खाली घातली. या घरात विनोद कळणारा माणूस एकच.

दुपारी मुलीने भाताकडे हात नेला, आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि हात मागे घेतला. मला पुरे, म्हणाली. मी एक शब्द बोललो नव्हतो. शिस्त अशी लागते.

११ मार्च, मंगळवार

पाठलाग. दुकान लवकर बंद. डोक्यावर टोपी, डोळ्याला चष्मेवाल्याकडून मागून आणलेला काळा गॉगल. गॉगल नंबरचा निघाला. दोन बायका दिसू लागल्या आणि दोन्ही वेगवेगळ्या फुटपाथवरून चालत होत्या. शेवटी तो खिशात टाकला आणि उघड्या डोळ्यांनी गेलो.

दातांच्या दवाखान्यावर दुसरा मजला. जिन्यात बोर्ड: समुपदेशन केंद्र. म्हणजे काउन्सेलिंग. बोर्डावर नाव बाईचं. म्हणजे फोनमधली ‘ताई’ खरंच बाई. जीव भांड्यात पडला. खालची बारीक अक्षरं वाचली आणि पुन्हा वर आला. मानसिक आघात. नात्यातला छळ. खाण्यापिण्याच्या तक्रारी.

छळ? आमच्या ओळखीत कोणाचा छळ होतोय? एखाद्या मैत्रिणीला सोबत म्हणून जात असेल. हिचा स्वभाव भिडस्त.

१२ मार्च

मॅच्युअरपणे विषय काढला. तिने नीट ऐकावं म्हणून आधी दार लावून घेतलं आणि किल्ली खिशात ठेवली.

सोबत वगैरे नाही. स्वतःसाठीच जाते. म्हणाली, मी खाते आणि मग ओकून टाकते. फार दिवसांपासून.

म्हटलं, ॲसिडिटी.

म्हणाली, ॲसिडिटी नाही.

म्हटलं, बरं, पण तिथे माझ्याबद्दल काय सांगतेस?

म्हणाली, मी माझ्याबद्दल सांगते.

तासभर बसायचं आणि नवऱ्याचं नाव नाही! हे कोणाला पटेल?

१४ मार्च

वॉशिंग मशीनच्या मागे बिस्किटांचे रिकामे पुडे. आधी वाटलं उंदीर. पण उंदीर पुड्याची घडी घालून ठेवत नाही. बायको ओट्याशी दोन घास खाते आणि भूक नाही म्हणते. म्हणजे खायला चोरून! घरात मी काय कोणाचा हात धरलाय?

निश्चय: त्या बाईला स्वतः भेटायचं. काय शिकवते ते काढून घ्यायचं. खोटं नाव, खोटा पत्ता, नाकावर मास्क. गुरुवारची वेळ मिळाली.

२० मार्च, गुरुवार

गेलो. खोलीत दोन खुर्च्या, एक झाड, टिश्यूचा डबा. टेबलच नाही. टेबल नसलेल्या ऑफिसवर माझा विश्वास नाही. बाई पन्नाशीच्या, केस पांढरे, आवाज हळू. मुद्दाम हळू बोलतात, समोरच्याने पुढे वाकावं म्हणून. मी वाकलो नाही.

म्हटलं, संसार सुखाचा आहे, आणखी सुखाचा करायचाय.

बाईंनी विचारलं, घरी जेवायला कसे बसता? म्हटलं, मी बसतो, बायको वाढते, नंतर ओट्याशी उभ्याने काहीतरी खाते. विचारलं, त्यांना काय आवडतं? म्हटलं, तिला तशी आवडनिवड नाही. गुणी आहे.

वातावरण फार गंभीर झालं म्हणून लहानपणची गंमत सांगितली. वडिलांचंही हेच दुकान. गिऱ्हाईक जमलं की मला पोत्यांच्या मोठ्या काट्यावर उभं करायचे. बघा, म्हणायचे, एवढं अन्न कुठे वाया जातं ते. सगळे हसायचे. वजन वाढलेलं निघालं की त्या रात्री माझं ताट मांडायचं नाही. हे मी कुठेही सांगितलं की लोक पोट धरून हसतात.

बाई हसल्या नाहीत. विचारलं, तेव्हा तुम्ही काय करायचात?

म्हटलं, मीही हसायचो.

त्या म्हणाल्या, हं.

हं म्हणजे काय? एवढं शिकून हं? एसी जास्त होता. पाणी प्यालो. एक टिश्यू घेतला, तो फुकट होता म्हणून.

निघताना सांगितलं की रविवारपासून मुलीलाही काट्यावर घेणार आहे, सवय लहानपणीच लागलेली बरी. बाई म्हणाल्या, तिला विचारलंत? वर हेही म्हणाल्या की पुढच्या वेळी खरं नाव सांगितलंत तरी चालेल, ते या खोलीबाहेर जात नाही.

अतिशय संशयी बाई.

२३ मार्च, रविवार

नीट लिहायला हवं. नंतर भलतंच काहीतरी सांगितलं जाईल.

चहाच्या आधी मुलीला हाक मारली. आली. काट्यावर चढायच्या आधी तिने केसांतली क्लिप काढून बाजूला ठेवली. वजन कमी भरावं म्हणून. म्हटलं, पोरगी हुशार आहे.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली. म्हणाली, तिला नाही.

एवढंच. आवाज चढवला नाही. म्हटलं, बाजूला हो. ती बाजूला झाली नाही. उलट स्वतःच काट्यावर चढली आणि हलेचना. म्हणाली, माझं काय करायचं ते केलंत. हिला इथे उभं करायचं नाही.

समोर आकडा दिसत होता. मी वाचला नाही. का नाही वाचला, कोण जाणे.

तिच्या पाठीमागून मुलगी म्हणाली, बाबा, मी शाळेत डबा खात नाही. कधीच.

मी विचारलं, मग देतेस कोणाला?

बायको काट्यावरून उतरली आणि मुलीला घेऊन आत गेली. प्रश्न साधा होता. अन्न वाया जात असेल तर घरच्या माणसाला विचारायला नको?

२४ मार्च

दुकानातून आलो तर घर बंद. दोघी नाहीत. कपडे नाहीत. मुलीचं दप्तर नाही.

अक्काचा फोन आला. दोघींना मी आणलंय, त्या इथेच राहणार, न्यायला येऊ नका. आलात तर मी दार उघडणार नाही आणि पोलिसांना फोन करीन. कधी नव्हे ती एका दमात बोलली. तोंडपाठ करून घेतलेलं दिसतं. यामागे दुसरा मजला आहे.

माझा प्लॅन: अजिबात फोन करायचा नाही. चार दिवसांत आपणहून येतील.

रात्रीपर्यंत सात वेळा केला. कोणी उचलला नाही. नेटवर्क.

२५ मार्च, मंगळवार

केंद्रासमोर उभा राहिलो. सहज. बायको अक्काबरोबर आली. मला बघून जागीच थबकली. मी हात वर केला. तिने हात वर केला नाही. अक्काने तिचं कोपर धरलं आणि दोघी जिना चढून गेल्या.

वॉचमनने विचारलं, साहेब, कोणाला भेटायचंय? म्हटलं, कोणालाच नाही. म्हणाला, मग इथे थांबू नका, वर येणाऱ्या बायका घाबरतात.

बायका घाबरतात! कोणाला, ते विचारायचं राहून गेलं.

३० मार्च, रविवार

चहा स्वतः केला. उतू गेला.

दुपारी अक्काच्या घरी फोन लावला. भाषण तयार होतं: झालं गेलं विसरून जाऊ, माझ्याकडून तुम्हाला माफी आहे. अक्काने उचलला. म्हणाली, त्या जेवतायत. आत्ता नाही.

तिने फोन मुद्दाम ठेवला नाही की ठेवायचा राहिला, कळलं नाही. मागून ताटांचा आवाज येत होता. मुलगी काहीतरी सांगत होती आणि मध्येच हसत होती. मग बायको हसली. आधी मला वाटलं, हे कोणीतरी तिसरंच. मी हा आवाज ओळखला नाही.

भाषण म्हटलं नाही.

३१ मार्च, सोमवार

दुकान उघडलं नाही. केंद्रात फोन केला. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, वेळ तुमच्यासाठी हवीय की दुसऱ्या कोणासाठी?

म्हटलं, एका मित्रासाठी. त्याचा जरा घरी प्रॉब्लेम झालाय.

म्हणाली, मग त्यांनाच फोन करायला सांगा. त्यांच्या तोंडून आलेलं बरं.

फोन ठेवला. बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिलो. ओट्याशी उभ्यानेच पाव खाल्ला.

मग पुन्हा फोन लावला. म्हटलं, मित्र बोलतोय.