कॅप्टनच्या चौदा चुका

६ जानेवारी, सोमवार
बाहेर उणे बावीस. माझी बायको मार्लिस ती कादंबरी तिसऱ्यांदा वाचते आहे. लोकरीचे मोजे कुठे आहेत म्हणून दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "हं" आलं. सगळं डुलुथ शहर या पुस्तकामागे खुळावलंय. लायब्ररीत माझ्या आधी दोनशे बारा नंबर आहेत. चौतीस वर्षं या शहराचा बिल्डिंग इन्स्पेक्टर होतो. कच्चं बांधकाम मला दारातूनच कळतं. ठरवलं: पुस्तक वाचायचं, चुका काढायच्या, यादी मार्लिसच्या हातात द्यायची. रोज साठ पानं. शनिवारी निकाल.

मोजे स्वतःच शोधले. वेगवेगळे आहेत, पण दोन आहेत.

७ जानेवारी
मार्लिस पोहायला गेल्यावर तिचीच प्रत घेतली. नाव 'होडीवाल्याची शपथ'. होडीवाला म्हणजे कॅप्टन डॅशेल. पान नऊ: वादळात तो नायिकेला उचलून दीपगृहाच्या एकशे चौदा पायऱ्या चढतो. हातात कंदील. दोन्ही हातांत बाई असताना कंदील धरला कशात? चूक नंबर एक. शिवाय असल्या जिन्याची रुंदी जेमतेम अडीच फूट. नायिकेचं डोकं प्रत्येक वळणावर आपटलं असतं. चूक नंबर दोन.

पान अकरावर डोळा लागला. तिचा पोहण्याचा तास फार लवकर संपतो.

९ जानेवारी, दुपार
हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवरची बाई रडत होती. मला वाटलं घरी काही झालं. ती त्याच पुस्तकाच्या तीनशेव्या पानावर होती. बिजागरीचे स्क्रू मागितले तर म्हणाली, थांबा जरा, तो परत येतोय. मी थांबलो. चर्चच्या पाळकांची बायको वाचते, दातांची डॉक्टर वाचते. या गावात शुद्धीवर असलेला मी एकटाच उरलोय. याची भीती वगैरे वाटत नाही.

१२ जानेवारी, रविवार
चर्चनंतर मार्लिस कॉफीला थांबली. मी डोकं दुखतंय म्हणून घरी. पान १४३. कॅप्टन रोज संध्याकाळी नायिकेला एकच विचारतो: आज तुला काय हवं होतं? माणसाला दुसरं काम नाही. चूक म्हणून लिहायला पेन उचललं, तर समासात पेन्सिलीचं अक्षर दिसलं. मार्लिसचं.

'एकतीस वर्षं.'

एवढंच. घराला छप्पन्न वर्षं झालीत. तिची नोकरी अठ्ठावीस वर्षं होती. तेव्हा एकतीस कशाची, हे सांगता येणार नाही. लग्नाला जूनमध्ये एकतीस झाली, पण तो योगायोग असू शकतो.

पेन खाली ठेवलं. शाई संपत आली होती.

१३ जानेवारी
आज नवं पेन घेतलं. तरी चूक लिहिली नाही.

पान २०१. नायिका पहिल्या नवऱ्याला सोडून निघते. त्याच्याबद्दल म्हणते, 'तो वाईट नव्हता. घरातल्या खुर्चीसारखा होता.' या वाक्यापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण. एक नाही, दोन. खुर्ची म्हणजे आधार. माझ्या मते ही स्तुती आहे. तरी जेवताना मी उभा राहिलो. मार्लिसने विचारलं, पाठ धरलीय का. हो म्हणालो.

१५ जानेवारी
मुलीला फोन केला. सॉल्वेगला सहज विचारलं, आई माझ्याबद्दल काही बोलते का. अगदी सहज, त्याआधी थंडीबद्दल दहा मिनिटं बोललो होतो. ती गप्प झाली. मग म्हणाली, "बाबा, तू आईलाच विचार ना."

गप्प होती ते चार सेकंद. एवढ्या वेळात माणूस काय लपवायचं ते ठरवू शकतो.

१८ जानेवारी, शनिवार
नवा बेत. शत्रूचंच हत्यार वापरायचं. गाडीत बसून, काचा बंद करून, कॅप्टनचा तो रोजचा प्रश्न वीस वेळा म्हटला. शेवटच्या पाच वेळा तर कॅप्टनपेक्षा बरा आला. शेजारचा गॉर्डी बर्फ उपसत होता, त्याने हात हलवला. मीही हलवला.

जेवताना तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि विचारलं, "आज तुला... मीठ हवंय का?"

नको म्हणाली. सुरुवात वाईट नाही. पहिले दोन शब्द बरोबर आले.

२१ जानेवारी
कॅप्टन रानफुलं आणतो. इथे जानेवारीत रानफुलं नाहीत. सुपरमार्केटमधून पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ आणला. मार्लिसने पर्स खाली ठेवून विचारलं, "कोण गेलं?"

२३ जानेवारी, गुरुवार
आज चर्चच्या तळघरात त्यांचं वाचन मंडळ. यादी चौदा चुकांची झाली होती. सगळ्यांसमोर त्या पुस्तकाचा पाया उखडला की मार्लिस भानावर येईल, असा माझा हिशोब. अकरा बायका, लिंबाच्या वड्या आणि मी. उभा राहिलो. पहिली चूक वाचली: दोन्ही हातांत बाई, मग कंदील कशात?

चौऱ्याऐंशी वर्षांच्या आर्डिस हाउगेन म्हणाल्या, "दातांत." सगळ्या इतक्या हसल्या की कुणाचीतरी कॉफी सांडली.

मार्लिस हसली नाही. म्हणाली, "कॅप्टन मलाही आवडत नाही. मूर्ख आहे तो, कंदिलाचं आमचा हार्लन म्हणतो ते बरोबरच आहे. पण तो विचारतो. आणि विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत थांबतो. मी तेवढ्याचसाठी वाचते."

हे ती माझ्याकडे बघून बोलली नाही. कपाकडे बघून बोलली. मी बसलो. उरलेल्या तेरा चुका खिशातच राहिल्या. एक मुद्दा तिने जाहीर मान्य केला, याची नोंद असावी.

परत येताना गाडीत हीटरचा आवाज फार होता. बोलणं शक्य नव्हतं.

२४ जानेवारी
मार्लिस फार्गोला बहिणीकडे गेली. चार दिवस म्हणाली. बॅग मोठी घेतली. मी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून दिलं, मागचंसुद्धा. तिने आभार मानले, जसे शेजाऱ्याचे मानतात.

पुस्तक टेबलावर ठेवून गेली. विसरली असेल.

२६ जानेवारी
पुस्तक संपवलं. एका बैठकीत. शेवटच्या वीस पानांवर डोळ्यांना पाणी आलं. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा फिल्टर बदलायला झालाय, हवा कोरडी. नायिका पहिल्या नवऱ्याकडे परत जात नाही. त्याचं पुढे काय झालं ते कुठेही लिहिलेलं नाही. मागून पुढून शोधलं. माणूस दोनशे एक पानावर दारात उभा आहे आणि मग नाहीच. चौदा चुका काढल्या, पण खरी चूक ही.

२८ जानेवारी
चार दिवस झाले. तिचा फोन आला, आणखी थोडे दिवस राहते म्हणाली. मी म्हटलं, जरूर, इथे सगळं उत्तम. घरात इतकं शांत आहे की फ्रिज बंद होतो तेव्हा मी दचकतो.

१ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी तीन
मी फोन केला. थंडीबद्दल न बोलता विचारलं, "मार्लिस, आज तुला काय हवं होतं?"

ती गप्प राहिली. मी सेकंद मोजले नाहीत. मग बोलायला लागली. आजचं सांगितलं, मग सॉल्वेग लहान होती तेव्हाचं, मग मधल्या अशा एका हिवाळ्याचं, ज्यात मी घरातच होतो आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. पन्नास मिनिटं. मी मध्ये बोललो नाही. बोलण्यासारखं काही सुचलंच नाही, पण ते तिला कळलं नसावं.

शेवटी तिने विचारलं, "आणि तुला?"

याची तयारी केली नव्हती. म्हणालो, उद्या ये. भीती वाटते, असंही म्हणालो बहुतेक. ती म्हणाली, बघते, रस्ता कसा आहे त्यावर.

चांगलंच लक्षण आहे. हिवाळ्यात समजूतदार माणूस आधी रस्ताच बघतो.

साडेतीन
हायवे खात्याचं पान उघडून पाहिलं. फार्गोपासून इथपर्यंत रस्ता कोरडा. सकाळपासूनच कोरडा आहे.