रान सुटतं, खत मागं राहतं

आई,

हे तुला लिहितोय, पण ऐकायला त्या सगळ्या बाया हव्यात, ज्यांनी दुसऱ्याचं रान बटईनं केलं, त्यात आपलं खत मुरवलं आणि चांगलं पीक यायच्या सालीच बांधाबाहेर झाल्या.

ज्याचं रान तू बटईनं करायचीस, त्या मालकाचा गोठा झाडायचे तुला पैसे मिळत नसत, शेण मिळायचं. पहिल्या साली तू ते ताजंच गाजराच्या वाफ्यात टाकलंस. काढणीला एकेका गाजराला दोन-तीन फाटे, अंगभर केसाळ मुळ्या, आणि उरलेली हुमणीच्या अळीनं पोखरलेली. ढोकीच्या बाजारात शेजारीण म्हणाली, "अगं, ही गाजरं हायत का खेकडे?" तू हसलीस. "खेकडेच हायत. पळायच्या आत घे पावशेर." त्या दिवशी घरी येऊन तू जेवली नाहीस.

पुढच्या वेळी तू शेण रानाच्या कोपऱ्यात खड्ड्यात भरलंस, वरून मातीनं लिंपलंस. गोवऱ्या थापल्याच नाहीस, म्हणून चुलीत तुराट्या, पाचट, हाताला येईल ते. धुरानं सुजलेले तुझे डोळे मला अजून दिसतात. मी विचारायचो, आणखी किती दिवस? तू म्हणायचीस, "कच्च्या खतात मुळी सरळ जात न्हाय. कुजू दे." वर्षभर वाट बघणं ही सातबारावाल्याचीच चैन असते, हे मी पुढं कितीतरी सभांत ओरडून सांगितलं. तू ती वाट अर्ध्या पोटानं बघितलीस.

आणि मग खड्डा उघडतेस. खत चहापत्तीसारखं मोकळं, शेणाचा वास पार गेलेला. मालक बांधावर उभा आहे.

"बाई, यंदा रान आमीच करणार."

"बरं मालक. खत तेवढं नेते."

"रानातलं खत रानाचंच असतंय की."

त्या हिवाळ्यात त्याची गाजरं लांब, सरळ निघाली. उपटायला रोजानं तूच होतीस. एकही दाताखाली घातलं नाहीस.

आता त्याच रानात वहिनी आहे, तुझी थोरली सून, मालकाच्या मुलाकडून बटईनं. तिचाही खड्डा तयार झालाय, आणि परवा निरोप आला: ऊस लावायचाय, रान मोकळं करा. मी म्हणालो, ट्रॅक्टर आणतो, खत आपल्या दारात टाकू. ती भाकरी थापत राहिली. "तुम्ही भाषण करून गाडीत बसता, भाऊजी. मला सकाळी त्याच्याच बांधावरनं कामाला जायचंय."

ती एकटी पडेल आणि मी तिथं नसेन, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तिच्याशी बोलायचं सोडून तुला लिहीत बसलो. तू आता नाहीस, उलटून विचारणार नाहीस, एवढाच त्यात माझा धीर.

हा कागद खिशातच राहील. उद्या वस्तीत मी एवढंच म्हणणार आहे: बायांनो, पाट्या-टोपल्या घेऊन सगळ्या जणी तिच्या खड्ड्यावर चला, आणि ऊन चढायच्या आत तिचं खत तिच्या दारात आणून टाका.