माणसं किती?

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्ष वाकणं बंद आहे, कागदावरचा गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला, की लेकाच्या घरीही त्यांनी त्याला कायमचा ठेवून घेतलाय? माझं बरं चाललंय. तुम्ही दोन महिन्यांसाठी म्हणून गेलात, त्याला परवा अकरा महिने झाले. हे आपलं सहज लिहिलं, टोमणा समजू नये. (समजलास तरी चालेल.)

पत्र लिहायचं कारण म्हणजे तू सध्या आपल्या वॉर्डातला सर्वांत काटकसरी माणूस ठरला आहेस. हसू नकोस. झालं असं, की नगरपालिकेने ठराव केला: गाव वाढू दे, पण त्याबरोबर धूर, कचरा आणि विजेची उधळपट्टी वाढता कामा नये. हवामान बिघडतंय, तर आपल्या गावाने आपला वाटा उचलायचा. ठराव मला मनापासून पटला. (नगरपालिकेचं काही पटण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.) मग पर्यावरण विभागातल्या बाई घरोघर फॉर्म घेऊन फिरल्या. त्यांची रजिस्टरं बाइंडिंगला माझ्याकडेच येतात, तेव्हा ओळखीने आधी माझ्या दारात. ओला कचरा वेगळा ठेवता का, गाडी किती वापरता, वीज किती जळते, सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटचा रकाना होता, घरात माणसं किती. आता दादा, दाराशी तुझ्या चपला, खुंटीला वहिनींची छत्री, बेसिनवर तीन ब्रश. मी तीन लिहिलं आणि कुटुंबप्रमुख म्हणून तुझं नाव घातलं. खोटं लिहितोय असं तेव्हा वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आताही वाटत नाही.

पण सरकारी फॉर्मला माया कळत नाही, भागाकार कळतो. एकट्या माणसाची वीज त्यांनी तिघांत वाटली आणि माणशी वापरात आपलं घर पहिलं आलं. पहिला नंबर कोणाचा, तर ज्याने हयातीत एक दिवा स्वतःच्या हाताने मालवला नाही त्याचा. जातानासुद्धा तू खोलीतला पंखा चालूच ठेवून गेलास. (तो मी दोन दिवस बंद केला नाही. का ते विचारू नकोस.)

मागच्या आठवड्यात बाई दोन साहेबांना घेऊन आल्या, तुझ्या सवयींचा अभ्यास करायला. तू कुठे आहेस म्हणाले, तर तोंडातून निघून गेलं की फिरायला गेलाय, आणि वहिनी शेजारी बसल्यात. वाटलं, दहा मिनिटांत उठतील. कसले उठतात! दोन तास ठाण मांडून बसले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दोन तास चालतात म्हणजे वाहनाला हातही लावत नसणार, हे मोठ्या साहेबांनी लिहून घेतलं. धाकट्यांना मोरीत तिघांची म्हणून दोनच भांडी दिसली, तर पाणीबचतीचेही गुण मिळाले. मला घाम फुटला होता. आणि तरीही दादा, त्या दोन तासांत मी कितीदा दाराकडे पाहिलं असेल. एरवी मी एकटाच वाट बघतो, त्या दिवशी चौघं मिळून तुझी वाट बघत होतो. इतक्या जणांनी वाट बघितली की माणूस येईलच असं वाटायला लागतं.

तर बारा तारखेला तुझा सत्कार ठरलाय. भाषण तुझंच, विषय 'मी वीज कशी वाचवतो'. दोन वाक्यांच्या वर तुला जमेलसं वाटत नाही, पण टाळ्या पडतील. निदान त्या एका दिवसापुरतं दोघांनी यावं.

वहिनींना नमस्कार, लेकाला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. सत्काराचं विसर. वरचं पत्र परवाचं आहे. काल मी बाईंकडे जाऊन सगळं कबूल करून आलो. पहिला नंबर आता समोरच्या शिंप्याचा, आणि एकट्याच्या हिशेबाने मी वॉर्डातला सर्वांत मोठा उधळ्या निघालोय. गादीला कुबट वास येऊ नये म्हणून तुझा पंखा दुपारभर लावतो, आणि वहिनींना पायरी नीट दिसत नाही म्हणून संध्याकाळी बाहेरचा दिवा. बाई रागावल्या नाहीत. "काका, ते आले की लावा ना दिवा," एवढंच म्हणाल्या.

ता. क. २. वॉर्डातले सगळे फॉर्म बाइंडिंगला आलेत. बाईंनी सांगितलंय, ती दोघं परत येणार असतील तर तीन राहू द्या, नाहीतर एक करा आणि शिवून टाका. बाकीचा गठ्ठा शिवून झाला. आपलं पान तेवढं बाहेर ठेवलंय, शनिवारपर्यंत थांबता येईल. माणसं किती लिहू ते कळव. तीन असतील तर दोन ओळी पुरेत. एक असेल तर मात्र पत्राने कळवू नकोस, येऊन सांग.