आत्याचा ताप

वंशशोधक चुलतबंधूस,

चुलत म्हणजे नेमका किती चुलत, ते तुलाच ठाऊक. वंशवृक्ष तू काढलास. काल ग्रुपवर पाहिला. रंगीत आहे. आपले पणजोबा बाजारात बसून लोकांचे दात उपटायचे, त्यांना तू राजवैद्य करून टाकलंस. असू दे, त्यांचं आता काय जातंय!

पण माझ्या आत्याच्या नावाखाली तू लिहिलंस, ‘अविवाहित, तापाने निधन’. हा शोध तुझ्या आजोबांचा. त्यांच्या या पुतणीने छापखान्यातल्या कामगाराशी लग्न केलं, तेव्हा चारचौघांत नाक वर ठेवायला त्यांनी तो ताप तिला आणला. तू तोच जसाच्या तसा उतरवलास आणि वर त्याला संशोधन म्हणतोस! अरे शहाण्या, एक फोन करून विचारायचंस तरी. ती मयत बाई भरला संसार करून आज माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली आहे.

इथवर लिहिलं आणि उठून तिला तुझा वृक्ष दाखवला. चष्मा पुसून तिने सगळा वाचला, अगदी तळाची तुझी सूचनासुद्धा: ‘सर्व हयात नातेवाइकांनी स्नेहमेळाव्याला यायचंच आहे. मी प्रत्येकाला स्वतः फोन करीन.’

मग मटार पुढ्यात ओढत ती म्हणाली, “हे पत्र पाठवू नकोस गं. मेलेल्यांना त्याचा फोन येत नाही. तूही एखादा ताप बघ स्वतःसाठी.”

तुझी,
दुर्दैवाने अजून हयात असलेली चुलतबहीण