नेपाळसाठी घेतलेलं घोंगडं

मंगळवार, आटपाडी

चार दिवस लिहायचं टाळतोय. आज बसलोच.

दुबईत पगार जास्त, पण ऊन लय आणि घर लांब. नेपाळात सुन्याच्या मामाचं सोनं आटवायचं दुकान, पगार कमी, पण यात्रेला घरी येता येतं. सुन्याच म्हणाला, "नेपाळला संगं जाऊ गड्या, थंडीला घोंगडं घे." मी दुबईची हाती आलेली नोकरी सोडली, घोंगडं घेतलं. आणि त्याच नोकरीवर आता सुन्या निघालाय! मला चहाच्या टपरीवर कळलं. माझ्याशी असं? का? घोंगडं नवं आहे, टोचतंय.

अरे, दारात सुन्याचे वडील! पेढे घेऊन आलेत. घोंगडं बघून हसतायत, "दुबईला घोंगडं कशाला रं? सुन्या तर घरी म्हणला, तुमी दोघं संगंच चाललाय न्हवं?"